मुडदा हलला

बायको : पुसणार म्हणजे? फळ्यावरचं गणित आहे का ते पुसायला?

नवरा : अगं, हळू बोल. मध्यंतर आहे, सगळे इकडेच बघताहेत.

बायको : बघू देत. तिकीट काढून बघायलाच आलेत. हां, छोटे मालक, परत एकदा सांग. काय पुसणार म्हणालास?

छोटे मालक : काकू, पन्नाशी आली माझी. अजून छोटे मालक?

बायको : तुझ्या बाबांच्या ह्याच पिक्चरच्या वेळी तू चड्डीत घोड्यांमागे पळायचास. तुला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते मी. तू छोटाच राहणार. बोल.

छोटे मालक : सांगतो. आज जुन्या प्रिंटचा शेवटचा खेळ. पुढच्या महिन्यापासून नवी प्रिंट. कॉम्प्युटरवर एकेक फ्रेम साफ केलीय. वाळवंटात मागे विजेचे खांब दिसत होते, ते काढले. दरोडेखोरांच्या सरदाराच्या हातात घड्याळ होतं, ते काढलं. ट्रकच्या चाकांच्या खुणा बुजवल्या.

बायको : आणि ह्याला?

छोटे मालक : काकांना नाही हो काढलं! काका आहेत. जिथे मरून पडलेत तिथेच आहेत. फक्त मेल्यावर मान वर करतात ना, तेवढी खाली ठेवलीय.

नवरा : फार चांगलं केलंस बाबा. आधीच करायला हवं होतं.

बायको : तू गप्प बस. चांगलं केलं म्हणे!

नवरा : गप्प कशाला बसू? मान माझी आहे. इतकी वर्षं लोक मला बघून हसताहेत. बसस्टॉपवर पोरं ओळखतात, म्हणतात, काका, जरा मरून दाखवा ना, न हलता.

छोटे मालक : ती क्लिप खूप फिरते, काकू. जुन्या पिक्चरमधल्या चुका म्हणून. त्यात काका एक नंबरवर. आजचा निम्मा ऑडियन्स त्याच्यासाठी आलाय. पण मला बाबांच्या पिक्चरला जरा मान मिळवून द्यायचाय. आजच्या लोकांना रिअ‍ॅलिस्टिक लागतं.

बायको : असं होय. मग मला सांग, हिरोच्या पिस्तुलात गोळ्या किती?

छोटे मालक : सहा.

बायको : माणसं किती पडतात?

छोटे मालक : बरीच.

बायको : मध्ये गोळ्या भरताना दिसतो?

छोटे मालक : नाही.

बायको : ते ठेवलंयस?

छोटे मालक : ते काढलं तर पिक्चरच संपेल.

बायको : हाणामारीत टोपी पडत नाही, ते? तोच एक तांबडा घोडा काजळी फासून काळा केलाय आणि पावसात रंग ओघळतोय, ते? खांद्यात गोळी लागते, रुमाल बांधतो आणि पुढच्या सीनला त्याच हातानं गिटार वाजवतो, ते?

छोटे मालक : काकू, त्यातच तर मजा आहे!

बायको : म्हणजे थापा सगळ्या ठेवल्यास. आणि अख्ख्या पिक्चरमध्ये एक खरी गोष्ट होती, नेमकी ती पुसलीस. वा रे वा! शहाण्याची पाठ थोपटायला हवी.

छोटे मालक : खरी? मेलेला माणूस मान वर करतो, ती खरी?

नवरा : तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. घंटा झाली, तू जा.

छोटे मालक : जातो. पिक्चर संपल्यावर दोघांनी स्टेजवर या. फुलं द्यायचीत, लोक दोन-चार प्रश्न विचारतील. काकू, रागावू नका. चार दिवसांत नव्या प्रिंटचं काम संपेल. त्याच्या आत काही बदलायचं असेल तर सांगा, पण मला कारण पटलं पाहिजे.

(दिवे जातात. पडद्यावर घोडे दौडू लागतात.)

नवरा : कशाला वाद घालत होतीस? एवढ्या मानानं बोलावलंय त्यानं.

बायको : बोलावून माझीच वस्तू पळवणार, आणि मी फुलं घेऊन घरी जाऊ? ते बघ, ते बघ, निवडुंग.

नवरा : पुठ्ठ्याचा. डावीकडचा कोपरा शेळीनं खाल्लेला.

बायको : तरी काय दिसतोय! दगडाच्या खाणीत वाळवंट उभं केलं आपण. सकाळच्या खेळाला परदेशी काऊबॉय पिक्चर बघायचे आणि दुपारी वाळूच्या ढिगावर तस्सं पडून बघायचं. तू मरायचास, मी पडायचे.

नवरा : तू छान पडायचीस.

बायको : आणि तू काय मरायचास रे! छाती धरायची, एक गिरकी, मग गुडघे, मग खोकला, मग आईची आठवण. खरा माणूस तेवढ्या वेळात दवाखान्यात पोचला असता.

नवरा : हसू नकोस. दिग्दर्शकच म्हणायचा, अजून जरा मर.

बायको : मी कुठे हसतेय? मला तेच आवडायचं. आताच्या पिक्चरमध्ये माणूस पटकन मरतो, कुणाला पत्ताही लागत नाही. तसं मरण तर घरोघर आहे. ते बघायला तिकीट कशाला काढायचं?

नवरा : आला. पाण्याच्या टाकीचा सीन आला. मी बाहेर जाऊन बसतो.

बायको : बस खाली.

नवरा : मला नाही बघवत. सगळे हसणार.

बायको : मी पडतेय तिथे. तेवढं तरी बघशील की नाही? बस म्हणते ना!

नवरा : ती बघ तू. चढलीस. मिशी वाकडी लागलीय.

बायको : हिरोला उंचीची भीती, मिशी माझ्या नशिबी. हात सुटला बघ. ज्याच्यावर पडायचं तो खालचा घोडा बिचकला तो इथे. आणि... गेले.

नवरा : झालं. हसले. ऐकलंस? पडदा फाटेल इतके हसताहेत. ओरडताहेत काय, मुडदा हलला, मुडदा हलला!

बायको : हलला तर हलला. एक विचारू? इतक्या वर्षांत विचारलं नाही. मान का उचललीस तेव्हा?

नवरा : आवाज आला.

बायको : कसला?

नवरा : तुझं हाड मोडल्याचा.

बायको : चार घोडे दौडत होते, वरून पंख्यानं धूळ उडवत होते. त्यात?

नवरा : मला आला.

बायको : मग लाज कसली वाटते तुला?

नवरा : काम गेलं ना माझं. पुन्हा कुणी मरायला बोलावलं नाही. नुसतं पडून राहायचं होतं, तेवढंही जमलं नाही ह्याला, असं म्हणायचे. पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवली. मुलं ओरडायची, काका, हलला, हलला! पुसून टाकू दे, बाई. आता थोडे दिवस राहिलेत. शांतपणे मरून पडलेलं बघू दे मला एकदा स्वतःला.

बायको : तुझी मान असेल. पण बघितलंस कुणाकडे? ते बघणं माझं आहे. मी नाही देणार.

(दिवे लागतात.)

छोटे मालक : काका, काकू, चला, संपला पिक्चर. हात धरतो, स्टेजच्या पायऱ्या उंच आहेत. (माइकवर) मित्रहो, ह्या काकू, हिरोच्या डुप्लिकेट! आणि हे काका. ज्यांना बघायला तुम्ही आलात तेच! काका, माइक घ्या. मागची मंडळी विचारताहेत, मेल्यावर मान का वर केलीत?

नवरा : चूक झाली. माफ करा. नव्या प्रिंटमध्ये ती दुरुस्त केलेली...

बायको : दे इकडे माइक.

नवरा : अगं, काय करतेस?

बायको : चूकबिक काही झाली नाही. टाकीवरून पडले ती मी. हा हात बघा, कोपरातून सरळ होत नाही, तो त्या दिवसापासून. तुम्ही पुढच्या शॉटमध्ये हिरो उठताना बघितलात, टोपी झटकताना. मी उठले नव्हते. ह्या छोट्या मालकाच्या बाबांनी कॅमेरा बंद करू नका म्हणून हात केला, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत राहिले. शॉट वाया जायला नको ना! मी धुळीत डोळे उघडले तर समोर एक मुडदा माझ्याकडे बघत होता. सबंध खाणीत तेवढा एकच माणूस जिवंत होता. हसा की! मघाशी हसलात ते मला आवडलं. शिट्ट्या माराव्यात, ओरडावं म्हणूनच सगळं केलं आम्ही. खोटं तर खोटं. पडलेला माणूस उठतो, टोपी झटकतो आणि घोड्यावर बसतो, हे मला तेव्हाही आवडायचं, आजही आवडतं. हात मोडून घरी पडले होते तेव्हा मी तेच आठवून उठले. पण ह्याची मान कुणी खाली घालायची नाही. त्याच मुडद्याशी लग्न केलंय मी.

छोटे मालक : काकू... हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही.

बायको : त्यांनी बघितलंच नव्हतं, सांगणार काय?

छोटे मालक : मला कारण पटलं, काकू. पण काकांनी मघाशी पुसायला सांगितलंय. त्यांच्या मनाविरुद्ध मी ठेवणार नाही. काका, तुम्ही बोला. पुसू?

नवरा : मी काय बोलू? लोक हसतात.

छोटे मालक : बरं, दुसरं विचारतो. समजा आज तोच शॉट परत घेतला. तुम्हाला तिथेच झोपवलं आणि बजावलं, की काही झालं तरी हलायचं नाही.

नवरा : टाकीवर हिलाच चढवणार?

छोटे मालक : समजा, हो.

नवरा : मग बघणारच ना मी.