जास्तीचा कर

इंग्रजांच्या राज्यात, नागपूरच्या आयकर कचेरीत वडिलांशेजारी बाकावर बसून मी लहानपणी ऐकलेलं हे बोलणं. खाप्याचे साडीवाले कवडूजी कारकुनापुढे उभे होते.

“कवडूजी, तुमचा कर जास्तीचा भरल्या गेला. अर्ज करा, चाळीस रुपये वापस भेटतील.”

“नाई जी, बाबूजी. सरकारलेच राहू द्या.”

“काहून जी?”

“पोरीच्या सोयरिकीत हीच पावती दाखवली मी. एवढा कर, म्हणजे केवढी कमाई!”

“मंग?”

“पैसे वापस घेतले, त कमाई कमी हाय म्हनतील. सोयरीक मोडन.”

“कोणाकडं जमवली?”

“बर्डीच्या मारोतरावाकडं. त्यायनं त मले सत्तर रुपयाची पावती दाखवली!”

“मारोतराव? ते कालच सत्तरचे सत्तर वापस घेऊन गेले.”

“म्हंजे घर बरोबरीचंच भेटलं! आना तो अर्ज इकडं.”