रिकामी फाईल

जळगाव जामोदच्या स्टँडवर सोनाळ्याच्या बसची वाट पाहत बसलेल्या कडूबाचे कान शेजारच्या दोघींकडे लागले होते. मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या भाचीला सिंधूताई खोदून खोदून विचारत होती.

"सारिका, स्टँडवरबी कायचं काम व?"

"आत्या, आमचा एक प्रोग्राम रडारच्या फायली वाचून पाऊस सांगते. तो बरोबर वाचते का, हे आपोआप तपासणारा प्रोग्राम मी लिहिला. त्यात मुद्दाम बिघडवलेल्या फायलीबी देतो त्याले."

"बिघडवलेल्या काऊन?"

"तवा तो काय बोलते, हे पाहाले. आज रिकामी फाईल देली, तर म्हणे, पाऊस नाही."

"मंग बरोबर हाय ना!"

"नाही ना! रिकामी म्हणजे रडारनं आभाळ पाह्यलंच नाही. त्यानं 'माहीत नाही' म्हणाले पाह्यजे."

कडूबाला राहवलं नाही. "पोरी, हे लोकायच्या मोबाइलवर गेलं का?"

"उद्या जाणार हाय, बाबा. मी अडवलं, तर सायब म्हणते, एका रिकाम्या फायलीसाठी काऊन थांबाचं? संध्याकाळपर्यंत हो म्हण."

"थांब बरं." सिंधूताईनं नवऱ्याला फोन लावून स्पीकर चालू केला. "अवो, गच्चीवर मिरच्या वाळत हायेत. पाऊस हाय का तिकडे?"

"नाही."

"बाहेर जाऊन पाह्यलं का?"

"नाही व, मी तर आत्ताच झोपेतून उठलो."

सारिका हसत सुटली. "आत्या, हेच लिहू का सायबाले?"

"लिही ना. अन् मिरच्या भिजल्या का नाही, ते घरी पोहोचल्यावर कळवतो म्हणाव."