डाव्या चाकाची चूडी

नाही साहेब, ती बारा दातांची गोटी खाली ठेवा—दिसायला देखणी आहे, पण तुमच्या कामाची नाही. गोटी म्हणजे सॉकेट हो, इकडे उज्जैनला सगळे गोटीच म्हणतात. तुम्ही बदली होऊन आलात ना, माधव नगरच्या बँकेत? मग शिकाल हळूहळू. जंग चढलेल्या नटाला सहा कोनांची घ्यायची, ती नटाला अंगासरशी धरते—बारा दातांची कोपऱ्यावरून घसरते, आणि एकदा का नट गोल झाला की बसा छिन्नी घेऊन. आणि माप? जीप जुनी, लिलावातली, म्हणजे माप इंचाचं. हल्ली जो येतो तो मारुतीवाला, मिलीमीटरच मागतो, म्हणून इंचाच्या गोट्या पार मागच्या फळीवर गेल्यात—थांबा, काढतो. गुडघे ऐकत नाहीत आता. ही बघा. नटावर बसवून हलवून बघायची—डुलली तर परत आणा, जोर लावू नका. आधी नटावर डिझेल सोडा, चहा घेऊन या, मग हा लांब दांडा. पाइप अडकवून ताकद नाही करायची. केलीत? सकाळीच? आणि तरी हलला नाही. कुठलं चाक म्हणालात?

डावं. हं.

मग तो जंग नाही, साहेब. या जिपांना डाव्या चाकाला उलटी चूडी असते—चूडी म्हणजे आटे, तुमच्याकडचे आटे. इथे आटे म्हणालात तर लोक चक्कीचा पत्ता सांगतील. तुम्ही सकाळपासून नट सोडवत नव्हता, आवळत होता. हसताय? हसा, तुमचं काय—माझे मेहुणेही हसले होते. शैलेंद्र, माझ्या बहिणीचे, वासंतीचे यजमान, साताऱ्याचे. सिंहस्थात यात्रेकरूंची ने-आण करायला मी दोन जिपा घेतल्या होत्या, एक चालवायला त्यांना बोलावलं—मीच बोलावलं. निघताना सांगितलं, डाव्या चाकाची चूडी उलटी आहे, ध्यानात ठेवा. ते म्हणाले, चूडी म्हणजे? दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हटलं, चूडी म्हणजे बांगडी, मेहुणे, वासंतीला विचारा. सगळे हसले. तेही हसले, मान हलवली आणि गेले. नुसता मजाक होता हो—पण सासरचा मामला, जावईमाणूस परत कशाला विचारतोय?

देवासच्या रस्त्यावर चाकातली हवा गेली. डावंच चाक. भलत्या बाजूनं पाइप लावून ताकद करत राहिले, पाचातले तीन बोल्ट मोडले. मग कुणा ट्रकवाल्याकडून हवा भरून घेतली आणि उरलेल्या दोन बोल्टांच्या भरवशावर परत निघाले. गाडी रिकामी होती, तेवढंच बरं. उतारावर चाक निघालं. दवाखान्यात नेईपर्यंत गेले ते.

तेव्हापासून मी जो भेटेल त्याला एकच सांगत आलोय—मी सांगितलं होतं. खोटं नाही ते. वासंतीनंही तेच धरून ठेवलंय. पाच वर्षं झाली, माझ्याकडेच असते, वाढताना अजून म्हणते, दादा, तू बजावलं होतंस, त्यांनीच कानाआड केलं. गेलेल्या माणसावर रागावलीय ती. वर्षश्राद्धालासुद्धा फोटोला हार घातला नाही तिनं. आणि मी—मी खाली मान घालून भात कालवत बसतो. बांगडीचं तिला ठाऊकच नाही. लाज वाटते, साहेब. रोज वाटते आणि रोज गप्प बसतो, दमलोय आता.

तिला सांगून टाका म्हणता? काय सांगू? तोंड आहे का मला? तुम्ही काल गावात आलात, तुम्हाला बोलायला सोपं आहे.

असो. ही गोटी घ्या, हा दांडा घ्या, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, सुटेल. आणि परत काही लागलं तर देवास गेटला जा, तिथे कोपऱ्यावर एक दुकान आहे, सगळं मिळतं. इकडे येऊ नका.