बाळ दारापर्यंत कोणी न्यायचं?

मंडळी, ऐका! माणसाचं मन कामात कशानं रमतं? पगारानं? खुर्चीनं? की थंडगार हवेनं? — मागचे काका, हवा म्हटल्याबरोबर डोळे मिटू नका, आख्यान आत्ता कुठं सुरू होतंय!

तालुक्याच्या गावी एक धर्मादाय दवाखाना. तिथं बाळंतपणं करायच्या शेवंता गावित सिस्टर. तोंड असं, की बाळंतीण ओरडायचं विसरायची! "अगं, सासूवर आवाज चढवतेस तसा जोर लाव की!" पंखा करकरतोय, नळाला पाणी नाही, दिवसभर कटकट. पण बाळ झालं की पुसून, गुंडाळून सिस्टरनीच दारात न्यायचं, ही तिथली रीत. आणि बाहेरची आजी आधी सिस्टरच्याच गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची!

पुढं बाईंना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली. एसी, काचा, फरशीत तोंड दिसतंय! "सुटले बाई," म्हणाल्या. पहिलं बाळंतपण झालं. बाळ घेऊन दाराकडं निघाल्या — तर समोर रुग्णालयाचाच एक टायवाला माणूस! "द्या इकडं, बाहेर मी नेतो." दार बंद. बाहेर पेढे, आत शेवंताबाई आणि बादली! रोज हेच. बाई घरी जाऊन भांडी आपटायच्या.

एकदा टायवाला चहाला गेला. जुनी सवय हो! बाई तडक बाहेर. "वाडेकरांचं कोण आहे? लक्ष्मी आली!" सगळ्या काचा हादरल्या. आजीनं बोटं मोडली, बाईंचे डोळे भरले.

साहेबांनी बोलावलं. "पुन्हा असं केलंत तर नोकरी जाईल. इथं कमी काय आहे तुम्हाला? गादीची खुर्ची देऊ?"

"खुर्ची राहू द्या, साहेब. मला तेवढं दार द्या."

"ते खातं वेगळं आहे."

"मग मी माझ्या पंख्याखाली बरी," म्हणाल्या, आणि परत आल्या. पंखा अजून करकरतोय. बाई त्याच्यावरही ओरडतात!

हसलात? आता घरचं बघू. पुरणपोळी लाटते कोण, आणि "आमच्याकडं अशीच होते बरं का" म्हणून पाहुण्यांपुढं मिरवतं कोण? काका, आता कसे जागे झालात! आज घरी जा, आणि पाहुण्यांसमोर तिला दारापर्यंत येऊ द्या. देव तिथंच उभा असतो, बाहेर, बोटं मोडायला!

म्हणा, विठ्ठल विठ्ठल. आणि टाळी माझ्यासाठी नको — मागं वळून बघा, ज्यानं सतरंज्या अंथरल्या तो खांबापाशी उभा आहे.