काठावरची नोकरी

(धक्क्यावरची सामानाची खोली. भिंतीला हवेची नळकांडी टेकवलेली, बाहेर बोट तयार. आई रबरी सूटमध्ये, मुलगा ऑफिसच्या कपड्यांत. पाण्याखाली बुडी मारायला शिकवणारी प्रशिक्षिका दारात उभी.)

आई : हात लावू नकोस त्या पट्ट्याला! अर्धा तास झटापट केली तेव्हा हा सूट अंगात चढलाय. आता पाण्यात जाऊन आल्यावरच उतरेल.

मुलगा : आई, हळू. लोक बघताहेत.

आई : बघू देत. भोपळ्यासारखी दिसतेय, ठाऊक आहे मला. आरसा आहे तिथे.

प्रशिक्षिका : काकू, एक मिनिट बसा. सकाळी यांचा मला फोन आला होता. तुम्हाला अधूनमधून घेरी येते म्हणाले. तसं असेल तर मी तुम्हाला समुद्रात नेऊ शकत नाही. शिकवणीतली शेवटचीच बुडी राहिलीय, तरीही नाही.

आई : घेरी? मला? अरे, कुठल्या तोंडाने सांगितलंस?

मुलगा : बाबा गेले त्या दिवशी तू पडली नव्हतीस?

आई : दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि तुझे बाबा समोर निजवलेले. पडेन नाही तर काय करेन? एकदा पडले, त्याचं तू 'अधूनमधून' केलंस. पराचा कावळा करायलाही काही सुमार असतो!

प्रशिक्षिका : डॉक्टरांना हे सांगितलं होतंत?

आई : पहिल्याच दिवशी. त्यांनी छाती तपासली, कान तपासले, जिने चढायला लावले, मगच हो म्हणाले. लाव फोन, विचार त्यांना.

मुलगा : पण कशासाठी हे सगळं? मासेच बघायचेत ना, टीव्हीवर बघ. घर खायला उठतं का तुला? आपण कुठेतरी सहलीला जाऊ.

आई : झालं सुरू! तुझी मावशी म्हणते, मी दुःख विसरायला जातेय. तुझी बायको म्हणते, फोटोंसाठी. शेजारीण तर सरळ म्हणाली, म्हातारचळ लागलाय. माझं कारण सगळ्यांना माहीत आहे, मला मात्र कुणी विचारत नाही.

मुलगा : मी विचारतोय ना आत्ता!

आई : तू उत्तर खिशात घालून विचारतोयस. काय गं पोरी, इथे येणाऱ्या पुरुषांना विचारतेस का तू, कशाला उतरता म्हणून?

प्रशिक्षिका : विचारते की, सगळ्यांना. कुणी पैजेखातर येतं. एक वकील येतात, खाली कुणी बोलत नाही म्हणून. एका बाईंचे गुडघे गेलेत, त्या म्हणतात, तेवढा वेळ मला माझं वजन उचलावं लागत नाही. उत्तर न देणाऱ्या तुम्ही एकट्याच, काकू.

आई : मग ऐका दोघंही. अख्खी नोकरी मी स्विमिंग टँकच्या खिडकीत काढली. कपाटाची चावी द्या, टॉवेल द्या, ओला टॉवेल परत घ्या. आत जाताना माणसं घाईत, कपाळाला आठ्या. बाहेर येताना डोळे लालभडक आणि तोंडभर हसू. एवढं काय मिळतं आत, म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा तुझ्या बाबांना म्हटलं, मीही शिकते. म्हणाले, खिडकीवरची बाई पाण्यात दिसली तर बरं दिसेल का? वाईट नव्हते रे ते. पण मी गप्प बसले, आणि त्याचा राग मला अजून येतो. त्यांचा नाही, माझाच. निवृत्त झाले आणि त्याच टँकमध्ये उतरले. आता समुद्राचा तळ बघायचाय. कुणाला विसरायला नाही, कुणाला दाखवायला नाही. मला हवंय म्हणून!

मुलगा : बोलायला सोपं आहे. खाली काय होतं ते तुला माहीत नाही.

आई : तुला आहे ना! लग्नानंतर दोघं गेला होतात. दिवाणखान्यात एवढा मोठा फोटो लावलायस. येईल त्याला सांगतोस, जन्मात एकदा तरी करावं. तुझा तो जन्म, मग माझा काय?

मुलगा : तो फोटो बुडी मारायच्या आधीचा आहे. बोटीवरचा.

आई : मग?

मुलगा : मग काही नाही. खाली गेल्यावर शिकवणाऱ्याने खुणेने सांगितलं, मास्क काढ आणि परत घाल. सगळ्यांनाच करावं लागतं ते. मी काढला. नाकात पाणी गेलं आणि मला काही सुचेचना. तोंडातली हवेची नळीच थुंकून टाकली. हातपाय झाडत वर आलो. बायकोला सांगितलं, कान दुखला.

आई : आणि इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस?

मुलगा : हसू नकोस.

आई : हसत नाहीये. इकडे ये. घाबरलास, एवढंच ना? मग सांगायचं, आई, मी घाबरलो होतो. त्यासाठी मला आजारी कशाला पाडलंस?

मुलगा : तुझं तसंच झालं तर? बाबा गेले. आता तू एकटीच उरलीस मला.

प्रशिक्षिका : बोटवाला कधीचा हाका मारतोय. साहेब, मला फक्त खरं सांगा. यांना घेरी येते की नाही? खाली यांचा जीव माझ्या हातात असतो.

मुलगा : नाही येत. एकदाच आली होती, ती म्हणते तेव्हाच.

प्रशिक्षिका : तरी डॉक्टरांशी बोलते. हॅलो, डॉक्टर... हो, त्याच काकू. एकदा पडल्या होत्या ते... बरं. नाही, तेवढंच विचारायचं होतं. ठेवते. चला काकू, उठा.

मुलगा : आणि मास्क? तो काढायला लावलात तर?

प्रशिक्षिका : टँकमध्ये चारदा काढून घातलाय त्यांनी. मी बस म्हटलं, तरी ऐकत नव्हत्या.

मुलगा : आई, टँक वेगळा, समुद्र वेगळा. खाली घाबरलीस तर?

आई : घाबरेन की. तुझ्या तापाला घाबरले, तुझ्या परीक्षांना घाबरले, तुझ्या बाबांना यायला उशीर झाला की घाबरले. जन्मभर तुमच्यासाठी घाबरत आले. आज पहिल्यांदा माझ्यासाठी घाबरेन. तेवढं तरी माझं मला करू दे.

मुलगा : थांब.

आई : आता काय?

मुलगा : पाठीवरची चेन अर्धीच लागलीय. वळ, लावतो.