रुबीच्या त्रेचाळीस वॉर्निंगा

किती वॉर्निंगा झाल्या की एक एरर होते? सांगा ना! माहीत असेल तर सांगा, मी काही भांडायला उभा नाही इथं. म्हणजे भांडतो मी, पण आज नाही. दादाला विचारलं, तो हसला. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसा." दादाच्या ऑफिसातल्या साहेबाला विचारलं, त्यानं मला पाणी दिलं. अहो, तहान कुणाला लागली होती? प्रश्न विचारला की पाणी!

तुम्हाला सांगतो, माझं शिक्षण सातवी, तीही दोनदा. गॅरेजात स्कूटर दुरुस्त करतो मी. गाडीचा लाल दिवा लागलेला दिसला की गिऱ्हाइकाला परत बसूच देत नाही, किल्लीच काढून घेतो, मग गिऱ्हाईक मंत्री असो नाहीतर माझा सासरा... सासरा नाहीये मला अजून, पण असता तर त्याचीही काढली असती. आणि माझा सख्खा मोठा भाऊ, इंजिनियर, अकरा लाँड्र्यांचं ॲप एकटा चालवणारा, त्याच्या स्क्रीनवर सकाळपासून पिवळ्या ओळी धो धो पडतायत आणि हा समोर बसून चहात बिस्कीट बुडवतोय! मी म्हणायचो, "दादा, दिवे लागलेत रे." तो म्हणायचा, "वॉर्निंग आहे रे, एरर नाही." "फरक काय?" "वॉर्निंगनं काही बंद पडत नाही." की झालं, बिस्कीट तोंडात!

आणि त्यात ती रुबी! जेवायला बसला की हिचंच पुराण. "आज रुबीनं डोकं खाल्लं." "रुबीला सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही." आणि एकदा तर भाताचा घास हातात धरून म्हणाला, "वर्षभर सांगतेय रुबी, हे जुनं झालं, पुढच्या वेळी काढून टाकीन. म्हटलं, बघू नंतर." आईचा हात आमटीच्या पातेल्यातच राहिला! बत्तीस वर्षांचा घोडा, लग्नाचं नाव काढलं की फोन आल्याचं सोंग करून गॅलरीत जाणारा, आणि कोण एक बाई ह्याला वर्षभर धमकी देतेय? आई माझ्या कानाशी लागली. "पोरगी चांगल्या घरची दिसतेय रे. नाहीतर आजकाल वर्षभर कोण सांगत बसतं? टाकून मोकळ्या होतात." मला पटलं. मी म्हटलं, "दादा, ती बोलतेय तर ऐक की जरा." तो म्हणाला, "वॉर्निंग आहे रे, एरर नाही."

मग एका सकाळी बेसिनपाशी दात घासता घासता म्हणाला, "बारक्या, डावा हात भरून आलाय." बारक्या म्हणजे मी, चोविसावं सरलं तरी बारक्याच. म्हटलं, "चल, बस गाडीवर, डॉक्टरकडे जाऊ." तोंडात फेस तसाच, हातात ब्रश तसाच, म्हणतो कसा, "वॉर्निंग आहे रे..."

पुढचं बोललाच नाही. एरर नाही, हे म्हणायचं राहिलं त्याचं. खाली बसला. फेस मी पुसला.

तीन आठवडे झाले. परवा ऑफिसातून फोन, "ॲप बंद पडलंय, दादांचा लॅपटॉप घेऊन ताबडतोब या." मी लॅपटॉप पिशवीत घालतोय, तर आई, जी तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती उठून बसली. "रुबीला कुणी कळवलं का रे?" अरे, खरंच की! "घेऊन ये तिला घरी. तिलाही रडायला कुणीतरी लागत असेल." मारली किक.

ऑफिसात काचेची खोली. साहेब चकचकीत टकलाचा, भला माणूस तसा. मी म्हटलं, "लॅपटॉप हा घ्या. पण आधी मला रुबी दाखवा."

"रुबी?" म्हणतो, "अहो, हे समोर बसलेत ना तेराजण, सगळे रुबीवरच आहेत."

माझ्या कानशिलांतून वाफ! म्हटलं, "सगळे?"

"हो, पण खरं सांगायचं तर तुमच्या दादांशिवाय ती कुणालाच नीट जमत नाही. आणि आता जुनीही झालीय. एखादी नवीन घ्यावी, असा विचार चाललाय."

मी त्याची कॉलरच धरली! तेवढ्यात एक चष्मेवाली नवीन मुलगी धावत आली, दादाच्या जागेवर घेतलेली, तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "अहो, रुबी ही भाषा आहे. कॉम्प्युटरची. त्यात ॲप लिहितात."

भाषा! काय सांगू तुम्हाला. बाहेर जाऊन आईला फोन लावला. "आई, रुबी ही भाषा आहे."

"म्हणजे आपल्या भाषेची नाही का? चालेल रे. आण."

"आई, बाईच नाही ती!"

आई मग म्हणाली, "मग तो बोलत कुणाशी होता रे इतका?" आणि ठेवला फोन.

आत आलो तर गोंधळ. रविवारी ह्यांनी रुबीची पुढची आवृत्ती चढवली होती, आणि वर्षभर जे काढून टाकीन म्हणत होती ते तिनं काढून टाकलं. सोमवारी अकराच्या अकरा लाँड्र्या ठप्प! कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, कमरेइतके ढीग, पण कुणाचे कुठले ते ॲपलाच ठाऊक. एका लाँड्रीत तर एक मास्तर वर कोट-टाय आणि खाली टॉवेल अशा अवतारात साडेसातपासून काउंटरला टेकून उभे, शाळेतून फोनवर फोन, आणि मास्तर म्हणतायत, "निघालोय, निघालोय!"

चष्मेवालीनं मला लॉग दाखवला. लॉग म्हणजे ॲपची रोजनिशी, जे घडेल ते लिहून ठेवतं. हे लांबलचक! आणि दर चार ओळींना तीच वॉर्निंग. मी विचारलं, "काय म्हणतेय ही?" ती म्हणाली, "ही ओळ विचारते, कपड्यांच्या चिठ्ठीची फाइल आहे का? पूर्वी 'एक्झिस्ट्स' असं विचारायचे, शेवटी एस. आता एस काढलाय, नुसतं 'एक्झिस्ट' आणि पुढं प्रश्नचिन्ह."

"आणि एस ठेवला तर काय मोठं बिघडतं?"

"बिघडत काही नाही," ती म्हणाली. "फक्त त्या नावानं हाक मारली तर आता कुणी ओ देत नाही."

मला एकदम बसावंसंच वाटलं हो.

तर साहेब मागून, "ब्लेम काढा, ब्लेम!" ब्लेम म्हणजे काय, तर कुठली ओळ कुणी लिहिली ते बघायची सोय. बटण दाबलं की ओळीशेजारी नाव. त्रेचाळीस ठिकाणी तो एस, आणि त्रेचाळीस वेळा माझ्या दादाचं नाव! एकाखाली एक, एकाखाली एक. साहेब टकलावर हात फिरवत म्हणतो, "बघा. सगळं ब्लेम ह्यांचंच."

म्हटलं, "अहो टकलोबा, वॉर्निंगा तुम्हाला दिसत नव्हत्या?"

"दिसायच्या ना. पण लॉग फार भरायचा, म्हणून आमच्या स्क्रीनवर यायच्या बंद केल्या. वॉर्निंगच होत्या, एरर नव्हत्या."

ह्याच्याही तोंडी तेच! मी शेजारच्या खुर्चीला लाथ घातली. खुर्चीला चाकं होती. आणि खुर्चीत एक माणूस होता, हे मला लाथ घातल्यावर कळलं. कानाला हेडफोन लावून टाइप करत होता बिचारा, तो मांडीवरच्या लॅपटॉपवर तसाच टाइप करत पाण्याच्या मशीनपर्यंत गेला, तिथं थांबला, आणि टाइपच करत राहिला! तेव्हाच मी साहेबाला तो प्रश्न विचारला, आणि त्यानं मला ते पाणी दिलं.

आणि खरं सांगू? ओरडत होतो त्यांच्यावर, पण डावा हात दादाचा त्या सकाळी काही पहिल्यांदा नव्हता भरून आला. त्याआधी चारदा. चारही वेळा मी समोर. अख्ख्या गावाच्या किल्ल्या काढून घेणारा मी, घरातल्या घरात... जाऊ द्या.

चष्मेवाली म्हणाली, "दोन मिनिटांत सगळे एस एकदम पुसते."

म्हटलं, "थांबा. पुसल्यावर ब्लेम कुणाचं येणार?"

"जो पुसेल त्याचं."

"मग उठा. मला बसू द्या."

साहेब मध्ये पडला, "अहो, गॅरेजवाला कसा..." ती म्हणाली, "बसू द्या, सर." आणि मला विचारलं, "नाव काय घालू?" म्हटलं, "बारक्या." "पूर्ण नाव?" "तेवढंच. तो तेवढंच म्हणायचा."

एकदम नाही, एकेक पुसला. ऑइलनं काळं झालेलं हे एक बोट, ती ओळ दाखवणार, मी एस शोधणार, पुसणार. पहिल्याला दहा मिनिटं गेली. अख्खा कळफलक काळा झाला त्यांचा. साडेपाचला त्रेचाळिसावा. मास्तरांना पँट मिळाली, शाळा सुटल्यावर. मग तिनं पुन्हा ब्लेम काढून दाखवलं. दादा कुठंच नाही. बारक्या, बारक्या, बारक्या, खालपर्यंत.

आज सकाळी साहेबाचा फोन! "अहो, एकोणतिसाव्या जागी तुम्ही एसबरोबर पुढचं प्रश्नचिन्हही पुसलंय, तीन नंबरची लाँड्री पुन्हा बंद!" म्हटलं, ब्लेम कुणाचं दिसतंय? म्हणाला, "तुमचंच की!" म्हटलं, मग झालं तर... घाला शिव्या, मी कुठं नाही म्हणतोय?