समुद्र नसलेल्या देशाची पाटी

नाही, मला एक सांगा, ज्या देशाला समुद्रच नाही त्याने समुद्रातल्या मासेमारीवर बोलायचं तरी काय? पण आमच्या वादविवादाच्या सरांनी देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या, सगळ्यांना बंदरंबिंदरं असलेले देश आले आणि मला मिळाला चारी बाजूंनी डोंगर असलेला... वर सर म्हणतात, "हीच तर परीक्षा आहे. या खोट्या जागतिक परिषदेत जो एकदा तरी उभा राहून बोलेल, तोच कॉलेजच्या संघात." आणि मला संघात यायचं होतं हो, शाळेपासून यायचं होतं. म्हणून आठवडाभर डोकं खाजवून मुद्दा काढला. आमच्या डोंगरातल्या नद्या शेवटी जातात कुठे? समुद्रातच ना? म्हणजे घाण आम्ही करणार आणि मासे तुमचे मरणार. आहे की नाही मुद्दा? दादाचा कोट चढवला, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत, आणि गेले.

आता तिथली पद्धत ऐका. बोलायचं असलं की देशाच्या नावाची पुठ्ठ्याची पाटी वर धरायची. अध्यक्ष बघणार, नाव पुकारणार, मग मिनिटभर तुमचं. अध्यक्ष कोण, तर वरच्या वर्गातली मुलगी, एरवी ग्रंथालयात माझंच पेन मागून नेते आणि परत देत नाही. पण हातात लाकडी हातोडी आली आणि काय तो आवाज, "सन्माननीय प्रतिनिधींनी शिस्त पाळावी." मी शिस्तीतच होते. पाटी वर, हात भरून आलाय, पण बघतंय कोण?

पुढच्या रांगेत मोठे देश. त्यातला एक टायपिनवाला सारखा उठायचा, "अध्यक्ष महोदया, आमच्या देशाला अत्यंत चिंता वाटते." अरे बाबा, कसली? ते शेवटपर्यंत नाही सांगितलं. नुसती चिंता वाटली आणि खाली बसला, लगेच टाळ्या. मग शेजारची उठणार, "आमच्याही देशाला तितकीच चिंता वाटते." पुन्हा टाळ्या. इकडे माझी पाटी वर, हात भरून आलाय, पण बघतंय कोण?

शेवटी माझ्या शेजारच्या चष्मेवाल्याला दया आली. म्हणाला, "अगं, चिठ्ठी पाठवून विषय सुचव. सुचवणाऱ्याला बोलायचा हक्कच असतो, पहिलं नाहीतर शेवटचं." पाठवली. 'नद्या आणि समुद्र.' मंजूर झाला हो! अध्यक्षीणबाईंनी चिठ्ठीवरून मान न उचलता विचारलं, "प्रतिनिधी आधी बोलणार की शेवटी?" आणि मी शहाणी काय म्हणाले असेन? "आधी सगळ्यांचं होऊ द्या." आता याला काय म्हणायचं? घरी लहानपणापासून ऐकलंय ना, आधी पाहुण्यांना, मग आपण. इथे कुठले आलेत पाहुणे?

झालं. सगळे बोलले. टायपिनवाल्याला आता नद्यांचीही चिंता वाटली, माझा मुद्दा माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या तोंडून गेला. तरी म्हटलं, जाऊ दे, शेवटचं मिनिट आपलं आहे. तेवढ्यात तोच उठून म्हणतो, "चर्चा इथेच थांबवून थेट मतदान घ्यावं." भूक लागली होती त्याला, दुसरं काही नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "थांबवण्याच्या बाजूने कोण?"

अहो, थांबवता काय, माझं राहिलंय! पण परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही, असा नियम. मग मी काय करणार? सकाळपासून जे करत होते तेच केलं. उभी राहून, टाचा उंचावून, दोन्ही हातांनी... पाटी वर.

आणि तिने पाहिलं. माझं पेन कधी परत दिलं नाही तिने, पण सकाळपासून पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहिलं, बोट दाखवलं आणि मोजलं. "...आणि तो डोंगराळ देश. एका मताच्या फरकाने चर्चा समाप्त." ठक्!

खोटं कशाला सांगू, रडू आलं. बाह्या लांब होत्या म्हणून निभावलं.

दारात सर. "बोललीस?"

"नाही सर."

"मग दिवसभर केलंस काय?"

"चर्चा बंद पाडली."

सरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "संघात नाही घेता येणार. पण पुढच्या परिषदेत अध्यक्षांशेजारी एक खुर्ची आहे. कोणाची पाटी वर आहे ते बघून त्यांना सांगायचं. बसशील?"

आता तुम्हीच सांगा... म्हटलं, बसते. त्या कामाला माणूस नसतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?